मदत हवी आहे: सावकारी कर्जावरचा सर्वेक्षण-प्रयोग कसा आखावा?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांच्या खासगी कर्जावर पीएच.डी.चे काम करीत आहे. चाचणी फेरीत ‘सावकाराकडून व्याजाने पैसे घेतले आहेत का?’ असे मी थेट विचारले. ओसरीवर शेजारी येऊन बसलेले, त्यामुळे बाईंनी सासऱ्यांकडे एकदा पाहिले आणि ‘नाही’ म्हणाल्या. निघताना मात्र उंबऱ्यापाशी त्यांनीच व्याजाचा दर हळूच सांगितला.

म्हणून आता यादी-प्रयोग करायचे ठरवले आहे. यादृच्छिक पद्धतीने पाडलेल्या दोन गटांपैकी एकाला ४ साधी विधाने आणि दुसऱ्याला तीच ४ अधिक सावकारी कर्जाचे पाचवे विधान वाचून दाखवायचे, कोणती लागू पडतात हे न विचारता फक्त किती, एवढेच टिपायचे. दोन्ही सरासरींतला फरक म्हणजे कर्जदारांचे अंदाजे प्रमाण. पद्धत समजते, पण थेट प्रश्नापेक्षा यात अनिश्चितता जास्त असल्याने नमुना बराच मोठा लागतो, आणि माझ्याकडे अन्वेषक दोनच आहेत (त्यांपैकी एक माझा मावसभाऊ).

कोणी ‘पाच’ असा आकडा सांगितला, तर त्यांनी कर्ज घेतल्याचे उघड होते आणि गुप्तता उरतच नाही. मग ही साधी विधाने आपल्याकडच्या जगण्यातून कशी निवडावीत? छोट्या तांड्यावर प्रश्नांची चर्चा संध्याकाळपर्यंत घरोघर पोहोचते, तेव्हा गट घरागणिक पाडावेत की तांड्यागणिक? शिवाय दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला गेल्याने मतदार यादीतून निवडलेली निम्मी घरे कुलूपबंद असतील, तर मुलाखती उसाच्या फडावर जाऊन घ्याव्यात का? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.