क्षार, आम्लारी, अल्क: नेमका फरक काय?

भाचीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धुण्याचा सोडा 'क्षार' म्हणून दिलाय. हिंदी पुस्तकात मात्र क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ. बरोबर कोण?

— दोघेही, आपापल्या परिभाषेत. आम्ल आणि आम्लारी (आम्लाचा आम्लपणा घालवणारा पदार्थ) यांच्या अभिक्रियेत पाण्याबरोबर जे संयुग तयार होतं, तो मराठीत क्षार. त्याला हिंदीत लवण म्हणतात. हिंदीने 'क्षार'चा जुना अर्थ सांभाळलाय. सुश्रुतसंहितेतला क्षार राखेतून काढलेला आहे: वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट त्यात उतरतं. त्यात भाजलेला चुना पडला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि क्षार कातडी जाळण्याइतका जहाल होतो. आणि 'अल्क' ज्या अरबी शब्दावरून आला, त्या 'अल-कली'चा अर्थही राखच!

— मग सोड्याचं द्रावण तांबडा लिटमस निळा करतं, त्याला 'क्षारीय' म्हटलं तर काय बिघडलं?

— बिघडतं. मीठ, नवसागर, धुण्याचा सोडा हे तिन्ही क्षारच. पण मिठाचं द्रावण उदासीन, नवसागराचं आम्लधर्मी, सोड्याचं अल्कधर्मी. मग 'क्षारीय'ने यातला कोणता गुण समजायचा? मी तरी हा शब्द वापरतच नाही. गुण सांगायचा तर सरळ अल्कधर्मी म्हणावं.

— आम्लारी आणि अल्क एकच ना?

— नाही. पाण्यात विरघळणारी आम्लारी तेवढी अल्क. कॉपर ऑक्साइडची काळी पूड पाण्यात टाका, तळाशी बसून राहते, लिटमस ढिम्म हलत नाही. तीच पूड कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात टाकून ढवळा. काळेपणा हळूहळू नाहीसा होतो आणि द्रावण स्वच्छ निळं होतं. कॉपर सल्फेट तयार झालं, म्हणजे आम्ल मारलं गेलं. म्हणून ती आम्लारी, आम्लाची अरी. मला हा शब्द फार आवडतो. 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या रसायनशास्त्रज्ञांनी आम्लारीची व्याख्या केली ती 'प्रोटॉन स्वीकारणारा पदार्थ' अशी, म्हणजे आम्ल जे देतं ते घेणारा. आम्लाशी असलेलं हे नातं मराठी शब्दात आधीच बसलेलं आहे. फक्त 'अरी'मुळे वाटतं तसं ते कायमच्या वैराचं नसतं, समोर कोण आहे यावर ठरतं: अमोनियासमोर पाणी आम्लासारखं वागतं, तर हायड्रोजन क्लोराइडसमोर आम्लारीसारखं.