कोरी चक्र: स्नायूला मिळतात 2, यकृत घालवतं 6, मग हा व्यवहार कशासाठी?

घाटवाट_सातारा
यवतेश्वरचा घाट जोरात पळत चढताना मांडीच्या स्नायूत ग्लुकोज तुटून त्याचं लॅक्टेट होतं आणि एका ग्लुकोजमागे 2 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) पदरात पडतात. तेच लॅक्टेट रक्तातून यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होतं, त्याला 6 लागतात; हेच कोरी चक्र. दर फेरीला 4 चं नुकसान. शरीर असा आतबट्ट्याचा व्यवहार का करतं? स्नायू स्वतःच ग्लुकोज का बनवत नाही?

बायोकेम_मिरज
नुकसान खरंच आहे, पण ते कोण सोसतं आणि कशातून, ते बघा. चढावर स्नायूला एटीपी तत्काळ हवं असतं, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली, ऑक्सिजन वापरून एटीपी बनवणारी केंद्रं) तेवढ्या वेगाने पुरे पडत नाहीत. ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज तोडणं, चालू राहायचं तर एनएडी (त्यात निघणारे इलेक्ट्रॉन उचलणारा रेणू) सतत मोकळं व्हायला हवं, आणि पायरुवेटचं, म्हणजे ग्लुकोज तुटून बनलेल्या पदार्थाचं, लॅक्टेट होताना नेमकं तेच होतं. यकृत मात्र आपले 6 मुख्यतः चरबी जाळून उभे करतं. नेहमीच्या फॅटी ॲसिडपासून आपल्या शरीरात ग्लुकोज बनत नाही, पण त्यातली ऊर्जा या वाटेने ग्लुकोजच्या रूपात स्नायूपर्यंत पोचते. मला या चक्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

6 चा हिशेब: दोन पायरुवेटचं ऑक्झॅलोॲसिटेट करताना 2 एटीपी, त्याचं फॉस्फोइनॉलपायरुवेट करताना 2 जीटीपी (एटीपीच्याच तोडीचा ऊर्जेचा रेणू), पुढे फॉस्फोग्लिसरेटच्या पायरीवर 2 एटीपी. मुलं जीटीपी धरत नाहीत आणि 4 लिहून मोकळी होतात. सुरुवात स्नायूतल्या ग्लायकोजेनपासून (ग्लुकोजच्या साठ्यापासून) झाली तर मिळकत 2 नाही, 3.

स्नायूत ग्लुकोज-6-फॉस्फेटेज हे एन्झाइमच नसतं, म्हणून तो रक्तात ग्लुकोज सोडू शकत नाही. काही बाळांच्या यकृतात ते जन्मतः नसतं. त्यांची साखर काही तासांच्या उपाशीपणातच घसरते आणि लॅक्टेट चढतं.

लॅब_सांगली
लॅक्टेट तपासणार असाल तर घोळ बहुतेक रक्त घेतानाच होतो. दंडाला पट्टा आवळून ठेवला, मुठीची उघडझाप करायला लावली की आकडा खोटा वाढतो. तांबड्या पेशींना मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्या नळीतही लॅक्टेट बनवत राहतात. म्हणून फ्लोराइडची करड्या टोपणाची नळी, लगेच बर्फात, आणि 15 मिनिटांत प्लाझ्मा वेगळा. विश्रांतीत आकडा साधारण 2 मिलिमोल प्रति लिटरच्या आत असतो.

तालीम_कोच
दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष लॅक्टेटला देऊ नका, ते तासाभरात ओसरतं. ते दुखणं स्नायूंच्या सूक्ष्म इजेचं, आणि घाट उतरताना ती जास्त होते. पळून झाल्यावर लगेच बसू नका, 10-15 मिनिटं हळू चाला. चालते स्नायू आणि हृदय बरंचसं लॅक्टेट इंधन म्हणून जाळतात, सगळं यकृताकडे जात नाही.

बायोकेम_मिरज
बरोबर. आणि मेहनतीनंतर उपाशीपोटी दारू अजिबात नको. दारू पचवताना यकृतात एनएडीएच (इलेक्ट्रॉन उचललेलं एनएडी) साचतं, लॅक्टेटचं पायरुवेट होणं अडतं आणि नवं ग्लुकोज बनणं मंदावतं. ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अशा वेळी झोपेतच धोकादायक पातळीवर येऊ शकते.