साल्झबुर्गमध्ये चार रात्री : गाडी न घेता कोणता डोंगर, कोणते शिखर?

पाऊलखुणा :

नमस्कार. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझे वडील ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये चार रात्री मुक्कामाला आहोत. किल्ला, राजवाडे आणि जुने शहर यांसाठी एक दिवस ठेवून उरलेले तीन दिवस आसपासच्या डोंगरांसाठी द्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. वडील ६७ वर्षांचे आहेत. सह्याद्रीत तीस वर्षे भटकल्यामुळे त्यांचा दम अजूनही माझ्यापेक्षा चांगला आहे, परंतु गेल्या वर्षापासून उतारावर त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. गाडी भाड्याने घ्यायची नाही.

वाचताना गाइसबेर्ग आणि उंटर्सबेर्ग ही दोन नावे सारखी समोर येतात. दोन्ही करण्यात अर्थ आहे का, की एकावरून दिसते तेच दुसऱ्यावरूनही दिसते? शिवाय उंटर्सबेर्गवर रोपवेने जाणे म्हणजे शिखर गाठणे नव्हे, असे वडिलांचे ठाम मत असल्याने निदान एक बाजू तरी पायी करावी, असा त्यांचा आग्रह आहे. ते कितपत शहाणपणाचे ठरेल?

नदीकाठ :

मी सात वर्षे या शहरात राहतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

दोन्ही डोंगर अवश्य करा, कारण ते एकमेकांसारखे मुळीच नाहीत. गाइसबेर्ग १,२८७ मीटर उंच आहे आणि तो शहराचा घरचा डोंगर आहे. १८८७ साली त्यावर दात्यांच्या रुळांची रेल्वे गेली, ती १९२८ साली बंद पडली आणि पुढच्याच वर्षी माथ्यापर्यंत मोटाररस्ता झाला. आज त्याच रस्त्याने १५१ क्रमांकाची बस मिराबेल चौकातून थेट माथ्यावर जाते. माथा म्हणजे गवताळ पठार, त्यावर प्रक्षेपणाचा उंच मनोरा आणि वारा बरा असेल तर पॅराग्लायडिंग करणाऱ्यांची रांग. शिखर म्हणून त्यात फारसे काही नाही, हे मान्य. पण एका बाजूला सपाट होत गेलेला जर्मनीतल्या बव्हेरियाचा प्रदेश आणि दुसऱ्या बाजूला आल्प्सची भिंत, अशी दोन चित्रे इथे एकाच जागी उभे राहून दिसतात. माथ्यावर फार वेळ न घालवता अलीकडच्या त्सिस्टलआल्म थांब्यावर उतरून डोंगराला वळसा घालणारी वाट धरा. ती बरीचशी समपातळीवरून जाते, जंगल आणि कुरणे आलटून पालटून लागतात आणि वडिलांच्या गुडघ्याला तक्रारीला जागा राहत नाही.

उंटर्सबेर्ग हे वेगळेच प्रकरण आहे. शहरातून २५ क्रमांकाची बस ग्र्योडिग गावाजवळच्या रोपवेच्या पायथ्याशी सोडते. १९६१ पासून चालणारा हा रोपवे साधारण ४५० मीटर उंचीवरून निघून १,७७६ मीटरवर पोहोचतो, म्हणजे दहा मिनिटांच्या आत तेराशे मीटरहून अधिक चढ पार होतो. वर उतरल्यावर गायरएक हे १,८०५ मीटरचे टोक जवळच आहे, आणि तिथून पुढे खाचखळग्यांच्या वाटेने साधारण अर्ध्या तासात साल्झबुर्गर होख्थ्रोन हे १,८५३ मीटरचे शिखर येते. तिथे क्रूस आहे, वारा आहे आणि हवा स्वच्छ असेल तर वात्समान आणि डाखश्टाइन ही दूरची उंच शिखरे दोन्ही दिसतात. रोपवेने गेलात तरी शेवटचा हा तुकडा पायीच करावा लागतो, हे वडिलांना सांगून पाहा.

एक सूचना मात्र महत्त्वाची आहे : कोणत्या दिवशी कोणता डोंगर, हे आतापासून ठरवू नका. इथे दिवसाचा निर्णय ढगांची उंची घेते. शरद ऋतूत अनेकदा पहाटे शहरावर दाट धुके असते आणि पाहुणे निराश होऊन संग्रहालयात शिरतात, तेव्हा वर उंटर्सबेर्गवर लख्ख ऊन असते आणि खाली सगळे खोरे पांढऱ्या समुद्रासारखे दिसते. याउलट शहरात छान ऊन असताना शिखरावर टोपीसारखा ढग बसलेला असेल, तर वर दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. सकाळी चहा घेता घेता रोपवेच्या वरच्या स्थानकावरचा कॅमेरा पाहावा आणि मगच बूट घालावेत.

खडकवेडा :

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. पायी बाजूबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण मी त्यात चूक केली होती.

आम्ही रोपवेने वर जाऊन डोपलरश्टाइग या वाटेने उतरलो. होख्थ्रोनवरून त्सेपेत्साउअरहाउस ही १,६६३ मीटरवरची डोंगरी झोपडी (झोपडी म्हणायचे, प्रत्यक्षात जेवण आणि मुक्कामाची सोय असलेले चांगले दगडी घर) गाठेपर्यंत सगळे सुरळीत होते. त्यानंतर वाट उभ्या कड्यात खोदलेल्या पायऱ्यांवरून उतरते. बाजूला पोलादी दोर आहे, पण आदल्या रात्री पाऊस झालेला होता, आणि ओली चुनखडी काय असते हे मला त्या दिवशी कळले. आपल्याकडचा काळा कातळ ओला झाला तरी खरखरीतपणामुळे बुटाला धरून ठेवतो. हा फिकट, हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालेला दगड साबणासारखा वागतो. दोर इतका गार होता की तळहात बधिर झाला, तरी सोडवत नव्हता. माझे दोन्ही गुडघे ठणठणीत असूनही पायथ्याच्या ग्लानएगला पोहोचेपर्यंत मांड्या थरथरत होत्या.

तेव्हा वडिलांचा आग्रह मोडू नका, फक्त उलटा करा : पायी चढा आणि रोपवेने उतरा. दुखऱ्या गुडघ्याचे वैर उताराशी आहे, चढाशी नाही. ग्लानएगहून राइटश्टाइग ही वाट डोपलरश्टाइगपेक्षा सौम्य आहे. तरीही बाराशे मीटरहून जास्त चढ आहे, म्हणून चार तास तरी हाताशी ठेवा. पाणी पायथ्याशीच भरून घ्या. हा सगळा डोंगर चुनखडीचा असल्यामुळे पावसाचे पाणी भेगांतून थेट आत, गुहांमध्ये उतरते आणि वर ओढा किंवा झरा भेटेल या भरवशावर निघालेला माणूस तहानेने व्याकूळ होतो.

पाऊलखुणा :

दोघांचेही मनापासून आभार. चढताना पायी आणि उतरताना रोपवे ही तडजोड वडिलांनी, थोडा वेळ गप्प राहून, स्वीकारली आहे. दोन शंका उरल्या आहेत. वाटेवरच्या पाट्या जर्मनमध्ये असतील, तर अवघडपणा कसा ओळखायचा? आणि तीन दिवस सलग पाऊस लागला तर काय करावे?

मंदगती :

पाट्या पिवळ्या असतात आणि त्यांवर ठिकाणाचे नाव व तिथवर लागणारा वेळ लिहिलेला असतो. त्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, म्हणून तुमच्यासाठी त्यात निदान एक तृतीयांश भर घाला. लाल ठिपका म्हणजे मध्यम अवघड वाट. अरुंद, चढाची, क्वचित हात लावावा लागेल अशी. काळा ठिपका म्हणजे अवघड आणि कोसळण्याचा धोका असलेली. निळा म्हणजे सोपी. वाटेतल्या दगडांवर आणि झाडांवर लाल-पांढऱ्या-लाल पट्ट्यांची खूण दिसत राहिली पाहिजे. पंधरा मिनिटे ती दिसली नाही तर मागे फिरावे. डोंगरी बचावपथकाचा क्रमांक १४० आहे. उंटर्सबेर्गच्या माथ्यावरून जर्मनीची सीमा जाते आणि त्याचे सर्वोच्च टोक, १,९७२ मीटरचे, पलीकडे बव्हेरियात आहे. म्हणून दोन्हीकडे चालणारा ११२ हा क्रमांकही लक्षात ठेवा आणि पारपत्र सोबत असू द्या.

पावसाबद्दल बोलायचे तर साल्झबुर्गच्या संततधारेला श्न्यूर्लरेगन, म्हणजे दोऱ्यांसारखा पाऊस, असे खास नावच आहे, यावरून काय ते समजावे. अशा दिवशी शहराच्या पोटातले डोंगर करावेत. कापुत्सिनरबेर्ग ६४० मीटरचा आहे. लिंत्सरगासं या रस्त्यावरील कमानीतून वर जाताना येशूच्या वधस्तंभयात्रेची छोटी देवळे लागतात, मग मठ येतो आणि त्याच्या समोर लेखक श्टेफान त्स्वाइग १९३४ पर्यंत राहत असे ते पिवळे घर. पुढे बीच वृक्षांच्या जंगलातून १६२९ साली बांधलेल्या टेहळणीच्या गढीपर्यंत वाट जाते. नदीपलीकडच्या म्योन्शबेर्गवर लिफ्टने जाता येते. १६६९ साली या डोंगराचा कडा कोसळून सुमारे २२० माणसे दगावली, आणि पुढे १७७८ पासून दोरांना लटकून कड्यावरचे सुटे दगड काढणारे कामगार शहराच्या सेवेत आहेत. त्या कड्याखालच्या गल्लीत घरांच्या मागच्या भिंती थेट खडकाला टेकलेल्या दिसतात. तिथे उभे राहून वर पाहिले की हे काम अजून का चालू आहे ते कळते.

चौथा दिवस हाताशी आलाच, तर बसने झांक्ट गिल्गेनला जाऊन तिथून बोटीने झांक्ट वोल्फगांगला जा. तिथून १८९३ साली सुरू झालेली दात्यांच्या रुळांची रेल्वे शाफबेर्ग या १,७८३ मीटरच्या शिखरावर नेते. गुडघ्याला पूर्ण सुट्टी आणि डोळ्यांना अनेक तळी. गर्दी फार असते, हा त्यातला एकच दोष.

नदीकाठ :

दोन गोष्टी राहिल्या होत्या. शहराच्या साल्झबुर्ग कार्डात (पर्यटकांसाठीच्या सवलतपत्रात) उंटर्सबेर्ग रोपवेची एक फेरी समाविष्ट असते. आणि मे २०२५ पासून या राज्यात मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांना बस व स्थानिक रेल्वेसाठी मोफत प्रवासपत्र मिळते. ते हॉटेलकडून मागून घ्या, म्हणजे वर सांगितलेल्या बसचे भाडे वाचेल. रोपवे वसंतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास देखभालीसाठी बंद असतो, तुमच्या तारखा त्यात येत नाहीत. मात्र पायी चढणार असाल तर खाली येणाऱ्या शेवटच्या केबिनची वेळ आदल्या रात्री पाहून ठेवा आणि त्याआधी निदान दीड तास वर पोहोचाल अशा बेताने निघा; ती चुकली तर खडकवेडा यांनी वर्णन केलेल्या पायऱ्या तुमची वाट पाहत असतील.

गायरएकवर डबा उघडलात की पिवळ्या चोचीचे काळे पक्षी भोवती जमतील. या डोंगराच्या पोटात सम्राट शार्लमान झोपला आहे आणि डोंगराभोवती कावळे घिरट्या घालत आहेत तोवर तो उठणार नाही, अशी इकडची जुनी आख्यायिका आहे. माझ्या पाहण्यात तरी ते पक्षी फक्त सँडविचभोवती घिरट्या घालतात, तेव्हा डब्याचे झाकण हातात धरून ठेवा.

पाऊलखुणा :

झाकणाची जबाबदारी वडिलांनी घेतली आहे. परतल्यावर इथेच लिहीन.