मदत हवी आहे: तिसरी पाळी, पित्त आणि जेवणाच्या वेळा

नमस्कार मंडळी,

माझा नवरा चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहे. पाळी दर आठवड्याला बदलते. पहिल्या-दुसऱ्या पाळीत त्याला फारसा त्रास नसतो. तिसरी, म्हणजे रात्रीची, लागली की मात्र छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोट गच्च. दिवसा झोप लागावी तर नेमकं तेव्हाच पोटात कळ येऊन उठावं लागतं.

रात्री दोनच्या सुट्टीत कँटीनमध्ये तेलाचा तवंग असलेला रस्सा, भात आणि वडे. मग डोळा लागू नये म्हणून चहावर चहा. सकाळी घरी येतो तो भुकेने कासावीस होऊन; तीन-चार पोळ्या खातो आणि हात धुतल्या धुतल्या आडवा होतो. जरा वेळाने बघावं तर भिंतीला टेकून छाती चोळत बसलेला. बघवत नाही हो.

डॉक्टरांना दाखवलंय. वजन घटणं, काळी शौच, गिळताना अडकणं यातलं काही नाही, म्हणून एन्डोस्कोपी (तोंडातून नळी घालून पोटाची तपासणी) सध्या नको म्हणाले. पँटोप्राझोल ही पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी लिहून दिली आहे, 'सकाळी उपाशीपोटी'. पण तिसऱ्या पाळीवाल्याची सकाळ कुठली धरायची? ही गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास घेतली तर नीट काम करते. मग ती घरी आल्यावर घ्यावी की संध्याकाळी झोपून उठल्यावर? पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमच्यापैकी कुणाला काय सांगितलं होतं?

दुसरं म्हणजे डबा. रात्री जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून मोठं जेवण कामावर जायच्या आधी आणि दोनला थोडंसंच, असं मला वाटतं. दहीभात दिला होता, तर सुस्ती येते म्हणून तसाच परत आणला. मशीनसमोर पेंग येणं परवडणारं नाही, हेही खरंच. दोन वाजता पोटाला आधार होईल आणि झोपही येणार नाही असं काय देऊ? आणि झोपण्यापूर्वी दोन-तीन तास काही खाऊ नये म्हणतात, ते रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाला कसं जमवायचं?

नर्स, पोलीस, कॉल सेंटरवाले, रात्रपाळी केलेल्या कुणीही आपलं वेळापत्रक तासांसकट लिहा. पाळी बदलते त्या आठवड्यात जेवणाची वेळ एकदम बदलता की हळूहळू, तेही सांगा. चूर्ण-काढे कृपया नकोत, आधीच गोळ्या चालू आहेत.