फ्रीलान्स एडिटिंग करायचंय? आधी दोन सीझन मिक्सिंग लॅबमध्ये बसा

मंगळवारपेठी (धागा सुरू करणारा)

गेल्या महिनाभरात चार पोरं भेटायला आली. प्रश्न एकच: "दादा, एडिटिंग येतंय, पण पैसे कुठनं चालू होतात?" चौघांनीही यूट्यूबवर बघून डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकून घेतलंय, फायवर या ऑनलाइन कामं मिळणाऱ्या साइटवर प्रोफाइल काढलंय, आणि एकालाही अजून रुपया मिळालेला नाही. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

कोल्हापुरात राहून या धंद्यात उभं राहायचं असेल तर लग्नाच्या मिक्सिंगपासून, म्हणजे लग्नाचं शूटिंग कापून-जोडून व्हिडिओ करायच्या कामापासून, सुरुवात करा. एखाद्या लॅबमध्ये दोन सीझन काढा. तुळशीचं लग्न झालं की काम सुरू होतं ते आषाढी एकादशी जवळ येईपर्यंत मान वर करायला सवड नसते. पगार कमीच मिळेल. मला पहिल्या सीझनला महिना ६,००० मिळत होते. पण तिथं जे शिकलो ते कुठल्या कोर्समध्ये बघितलेलं नाही.

कोर्सचं फुटेज स्वच्छ असतं. लग्नाचं कसं येतं? दोन कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेमवर, तिसरा ५० वर, ड्रोनचं मेमरी कार्ड वेगळं, आणि वरात नवरीच्या मामानं मोबाइलवर काढलेली. मोबाइलच्या क्लिपचा फ्रेमरेट मधेच कमीजास्त होत राहतो. ती तशीच टाइमलाइनवर टाकली की थोड्या वेळानं आवाज आणि ओठ जुळत नाहीत. आधी ती एका ठरावीक फ्रेमरेटवर कन्व्हर्ट करून घ्यायची, हे मला सीनियरनं एका वाक्यात सांगितलं. स्वतः शोधत बसलो असतो तर आठवडा गेला असता. कन्यादानाला बापाच्या चेहऱ्यावरून कट कधी मारायचा नाही, आहेर करणाऱ्यातला कोण सुटला तर पार्टी दुसऱ्या दिवशी दारात येईल, हे सगळं तिथंच कळतं.

आणि गिऱ्हाईक. लॅबमध्ये रोज फोटोग्राफर कार्डं घेऊन येतात. तुमचा हात त्यांच्या ओळखीचा झाला की सीझनच्या गर्दीत तेच विचारतात, "एवढं एक घरी करून देतोस काय?" माझं पहिलं स्वतःचं काम असंच आलं.

बावड्याची एडिटर

दादा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही. मीही एका लॅबमध्ये गेले होते. रात्री अकराला फुटेज यायचं आणि "सकाळी टीझर पाहिजे" म्हणून सांगायचे. पहाटे तीनला गाडीवरून कसबा बावड्याला एकटीनं जायचं, घरात रोज वाद. आठव्या दिवशी सोडलं. "आधी लॅबमध्ये बसा" ही अट घातली की निम्म्या मुली दारातच थांबल्या, याचा विचार कुणी करत नाही.

मी काय केलं ते सांगते. राजारामपुरीतल्या एका फिजिओथेरपिस्टचं गुडघेदुखीवरचं ४० मिनिटांचं मराठी भाषण यूट्यूबवर होतं. कुणी बघत नव्हतं. त्यातले तीन तुकडे काढले, उभ्या फ्रेममध्ये बसवले, मराठी सबटायटल घातली आणि पाठवले. सोबत एवढंच लिहिलं की महिन्याला असे १२ करून देईन, एकाचे ४००. तिसऱ्या दिवशी फोन आला. म्हणजे महिन्याला ४,८०० ठरले, तेही घरी बसून.

खरी किंमत सबटायटलला आहे. सॉफ्टवेअर आपोआप मराठी लिहितं ते चुकतं, आणि बोलणारा आपल्याकडचा असला की फारच चुकतं. "करालोय", "जातोयस न्हवं" त्याला कळत नाही. ओळ न् ओळ हातानं दुरुस्त करावी लागते. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटत असतील तर सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिपीचं निवडा. मला हे सापडायला दोन दिवस लागले, तुम्हाला लागू नयेत.

मंगळवारपेठी

रात्रीच्या वेळेचं म्हणणं शंभर टक्के मान्य. लॅबवाल्यांनी दिवसाची पाळी ठेवली पाहिजे, मी स्वतः दोघांना सांगणार आहे. पण ताई, तुम्ही तीन रील फुकटच करून दिलेत की. इथं पोरांना तेच महागात पडतं. एक फुकट दिलं की समोरचा म्हणतो अजून एक बघू.

बावड्याची एडिटर

त्यात फरक आहे. कुणाला करायचं, किती करायचं हे मी ठरवलं होतं. समोरच्यानं मागितलेलं एकही फुकट केलं नाही. चौथा मागितला असता तर पैसेच सांगितले असते. "आधी करून दाखव, आवडलं तर पुढचं देऊ" म्हणून जो स्वतःच्या दुकानाची जाहिरात करून घेतो, त्याला नमुना नकोच असतो, त्याला काम हवं असतं.

शिरोली फाटा

तुम्ही दोघं अजून गल्लीतल्या भावावरच बोलताय. एका रीलला ४०० घेऊन महिन्याला किती होणार? मी फायवरवर आहे. दर ऑर्डरला २० टक्के कापून घेतात, तरी परवडतं. पहिली ऑर्डर यायला तीन महिने लागले हे कबूल. प्रोफाइलवर "व्हिडिओ एडिटर" लिहिलं होतं तोवर कुणी विचारलं नाही. "दोन माणसांच्या पॉडकास्टमधून छोटे तुकडे काढून देतो" असं एकच काम लिहिलं, तेव्हा विचारणा सुरू झाली. चारही पोरांना सांगा, सगळं येतं असं लिहू नका.

आणखी एक, म्हणजे घाबरून कुणी थांबू नये. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर अशा सेवेला जीएसटी नोंदणी काढावी लागत नाही. मात्र बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेचा कागद जपून ठेवा.

शाहूपुरीचा जुना माणूस

माझं वय सत्तरच्या पुढं. एडिटिंग मला येत नाही, पण हे गाव सिनेमाचं आहे म्हणून बोलतो. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं स्वतःच्या हातानं तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांतारामबापू पडेल ते काम करत शिकले. दामले, फत्तेलाल त्यांचेच शिष्य. कुणाच्या तरी हाताखाली राहिल्याशिवाय हात तयार होत नाही. मंगळवारपेठींचं बरोबर आहे.

शिरोली फाटा

काका, आदर ठेवून बोलतो. तीच माणसं १९२९ मध्ये पेंटरांची कंपनी सोडून बाहेर पडली आणि त्यांनी प्रभात काढली. १९३३ मध्ये प्रभातही पुण्याला गेली. शिकायला कोल्हापूर आणि वाढायला बाहेर, हे तेव्हापासूनच चालत आलंय. आज बाहेर जायला गाव सोडावं लागत नाही, एवढंच मी म्हणतोय.

शाहूपुरीचा जुना माणूस

बाहेर पडले, पण शिकून पडले. मधली वर्षं वगळून कसं चालेल?

गडहिंग्लजहून एक आई

मी वाचत होते, लिहावं की नको असं झालं होतं. मुलानं बी.कॉम. करून एडिटिंग धरलं. ७०,००० चा लॅपटॉप कर्ज काढून घेऊन दिला. एका फोटोग्राफरनं तीन लग्नं दिली, मुलगा बावीस दिवस जागला. ठरले होते ९,०००. फायली दिल्या त्याला आता चार महिने झाले. फोन केला की "पार्टीकडून आले नाहीत" एवढंच ऐकायला येतं. हप्ता आम्ही भरतोय. तो आता संगणक उघडत नाही. यात चूक कुणाची आणि पुढं काय करायचं, तेवढं सांगा.

बावड्याची एडिटर

काकू, तुमच्या मुलाची चूक एकच: पैसे यायच्या आधी पूर्ण फाईल हातात दिली. निम्मे पैसे खात्यात आल्याशिवाय कार्ड कॉपी करायचं नाही. काम झालं की कमी क्वालिटीची, मधोमध नाव टाकलेली फाईल बघायला द्यायची. करेक्शन दोनदा, तिसऱ्यांदा पैसे. उरलेले आले की मगच साफ फाईल. व्हॉट्सअॅपवर आधी चार ओळी लिहायच्या: किती लग्नं, किती मिनिटं, किती पैसे, कधी. समोरच्यानं "ओके" लिहिलं तरी पुढं दाखवायला काहीतरी असतं.

मंगळवारपेठी

ताई, हे लिहायला सोपं आहे. नवीन पोरगा ॲडव्हान्स मागायला लागला की फोटोग्राफर पुढच्या लॅबकडं जातो. इथं हिशोब सीझन संपल्यावर होतो, कारण पार्टी फोटोग्राफरचे निम्मे पैसे अल्बम हातात मिळाल्यावर देते. त्याचेच अडकलेले असतात.

बावड्याची एडिटर

अडकलेले असतील. पण बुकिंगच्या दिवशी तो पार्टीकडून बयाणा घेतो की नाही? घेतोच. मग त्यातला वाटा जागणाऱ्या पोराला का देत नाही? तुम्ही लॅबमध्ये जे शिकलात त्यात ही रीतही आली, आणि ती तुम्हाला बरोबर वाटायला लागली आहे. माझं भांडण एवढंच आहे.

गुजरीतला दुकानदार

गिऱ्हाईकाच्या बाजूनं बोलतो. आम्ही दागिन्यांचे रील करून घेतो. ॲडव्हान्स मागणारा पोरगा मला जास्त खात्रीचा वाटतो, तो काम अर्धवट टाकत नाही. पण एक तक्रार आहे. चालू असलेलं सिनेमाचं गाणं लावून देतात. आमचं खातं व्यवसायाचं, त्यावर ती गाणी चालत नाहीत, आवाज बंद होतो. व्यवसायाला वापरायची परवानगी असलेलंच संगीत लावून द्या, त्याचे २०० जास्त घ्या, आनंदानं देऊ.

शिरोली फाटा

काकू, मुलाला म्हणावं त्या तीन लग्नांचे हायलाइट आहेत ना, त्यातले चांगले चाळीस सेकंद काढून, जोडप्यांची परवानगी घेऊन नमुना म्हणून ठेव. पैसे अडकले तरी काम त्याचंच आहे.

मंगळवारपेठी

दुपारपासून बावड्याच्या ताईंचं वाक्य डोक्यात आहे. मी स्वतः सीझनला तीन पोरांना बाहेर काम देतो. त्यांचा हिशोब मीही जूनमध्येच करतो. खोटं कशाला बोलू.

लॅबमध्ये बसावं हे माझं मत अजून तेच आहे. हात तिथंच बसतो. पण या तुळशीच्या लग्नापासून माझ्याकडून कार्ड नेणाऱ्याला निम्मे त्याच दिवशी यूपीआयनं देईन. माझ्याकडं येणाऱ्या फोटोग्राफरांनाही तेच सांगणार. दोन-चार तुटतील, बघू.

गडहिंग्लजच्या ताई, मुलाला घेऊन रविवारी सकाळी दहाला बिंदू चौकात या. इथं मेसेज टाका, मी पोचतो. माझ्याकडं एक साखरपुड्याचं काम पडून आहे, दोन कॅमेऱ्यांचं, छोटं आहे. २,५०० चं. १,२५० हातात घेऊनच हार्डडिस्क न्यायची.

गडहिंग्लजहून एक आई

येतो. त्याला अजून सांगितलं नाही. एस.टी. साडेसातची धरतो.