शब्दचर्चा: नाळ ‘उशिरा कापणे’ की ‘थांबून बांधणे’?

सदाशिव पेठ, पुणे
गरोदर बायकांच्या वर्गासाठी दोन पानी पत्रक लिहिते आहे. मूल जन्मल्यावर नाळेला निदान एक मिनिट चाप लावू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मी लिहिलं, ‘नाळ विलंबाने कापणे’. वर्गात वाचून दाखवलं, तर सातव्या महिन्यातल्या एका मुलीच्या सासूबाईंनी घाबरून विचारलं, “उशीर झाला तर बाळाला धोका नाही का?” बरोबरच आहे त्यांचं. विलंबित लय सवाईच्या मांडवात ऐकावी. प्रसूतीच्या खोलीत ‘विलंब’ म्हटलं की कुणाची तरी हयगय झाली असंच वाटतं. दुसरा शब्द सुचवा.

निवृत्त परिचारिका, हडपसर
ताई, ‘विलंब’ काढाच, पण ‘कापणे’सुद्धा चुकीचं आहे. रक्त अडतं ते चापाने. कात्री त्यानंतर चालते आणि तेव्हा ती एक मिनिट आधी की नंतर, याने बाळाला काही फरक पडत नाही. थांबायचं ते बांधायला. पूर्वी दोऱ्याने बांधायचे, आता प्लॅस्टिकचा चाप आला, तरी ‘नाळ बांधली’ हे कुठल्याही बाईला समजतं.

बाळ बाहेर आलं तरी वारेतलं, म्हणजे प्लॅसेंटातलं, रक्त नाळेवाटे त्याच्याकडे येतच असतं. पहिल्या मिनिटात साधारण ८० मिली, तीन मिनिटांत १०० च्या आसपास. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून अडीचशे मिलीच्या आसपास रक्त असतं, म्हणजे हा वाटा केवढा ते बघा. आम्ही एकमेकींना सांगायचो, “थांब, नाळ उडतेय अजून.” नाडी उडते तशी. बोटाला कळतं.

भोर
माझी पणजी सुईण होती. आधी वार पडू द्यायची, मग नाळेला हात. आमच्याकडे ‘वार पडली’ आणि ‘नाळ पडली’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत बरं का. वार पडते बाळंतपणातच. नाळ पडते म्हणजे बेंबीवरचा वाळलेला तुकडा गळतो, आठ-दहा दिवसांनी. पत्रकात नुसतं ‘नाळ पडेपर्यंत’ लिहाल तर घोळ होईल.

बालरोगतज्ज्ञ, कोथरूड
शब्द ठरवताना अर्थ पुरता येऊ द्या. पूर्ण दिवसांच्या बाळाला थांबल्यामुळे मिळणाऱ्या या रक्तातून लोहाचा साठा मिळतो आणि तो पहिल्या सहा महिन्यांत कामी येतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. तिथे फुकट मिळणारं लोह वाया घालवणं मला पटत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा लाभ याहून मोठा आहे: बाहेरचं रक्त देण्याची वेळ कमी येते, जगण्याची शक्यता वाढते.

पण हेही लिहा, की काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवावं लागण्याचं प्रमाण किंचित वाढतं, म्हणून बाळावर लक्ष हवं. आणि बाळ श्वासच घेत नसेल तर डॉक्टर न थांबता नाळ बांधून त्याला उचलू शकतात. ‘थांबलेच पाहिजे’ असं लिहू नका, नाहीतर नातेवाईक त्या क्षणी हुज्जत घालतील. नाळेतलं रक्त पैसे भरून साठवण्याच्या जाहिराती बघून आलेल्या पालकांनाही मी विचारतो: तेच रक्त आत्ता बाळाच्या अंगात जाऊ दिलं तर?

नाना पेठ
जुनीच गोष्ट आहे. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन वैद्य होते. नाळ फार लवकर बांधणं मुलाला अपायकारक आहे, असं त्यांनी १८०१ मध्येच लिहिलं होतं.
चापाऐवजी ‘चिमटा’ कसा वाटतो?

सदाशिव पेठ, पुणे
‘चिमटा’ नको. चिमटा म्हटला की दुखणं आलं, आणि नाळेला तर दुखत नाही. हडपसरच्या ताईंचं मान्य करून वाक्य असं केलंय: ‘बाळ रडलं की त्याला पुसून आईच्या पोटावर ठेवतात. वारेतलं उरलेलं रक्त बाळाला मिळावं म्हणून एक ते तीन मिनिटं थांबून मग नाळ बांधतात. बाळाला श्वासाची मदत लागली, तर लगेच बांधतात.’ सासूबाईंना गुरुवारी वाचून दाखवते.