सहा मित्र, सागरी मार्गाने गोवा: ड्रायव्हर घ्यावा की आपणच गाडी चालवावी?

वाकडीवाट
दिवाळीनंतर आम्ही सहा जण पुण्याहून गोव्याला निघतोय. सगळे कॉलेजपासूनचे, आता पंचेचाळिशीच्या आसपास. हमरस्ता नको असं एकमताने ठरलंय. ताम्हिणी उतरायची, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर गाठायचं आणि तिथून किनारा धरून खाली जायचं. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या तीन खाड्या जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीने, ओलांडायच्या. पुढे रत्नागिरी, पावस, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत रेडी. पाच दिवस हाताशी आहेत, त्यामुळे घाई नाही.

भांडण ड्रायव्हरवरून आहे. दोघांचं म्हणणं, ड्रायव्हरसकट गाडी ठरवू. माझा ठाम विरोध. एक तर भाड्याच्या गाडीला दिवसाला किमान तीनशे किलोमीटरचे पैसे लावतात. पहिला दिवस सोडला तर आमचे रोजचे दीडशेसुद्धा होणार नाहीत. म्हणजे न फिरलेल्या रस्त्याचे पैसे द्यायचे, वर ड्रायव्हरचा भत्ता. पण पैसा हे दुय्यम कारण. इतक्या वर्षांनी सहाही जण एका गाडीत बसणार. एकाचा घटस्फोट चाललाय, एकाची नोकरी गेलीय आणि त्याने ते घरी सांगितलेलं नाही. परका माणूस पुढे बसलेला असताना हे विषय निघतील का? हवापाण्यावर आणि क्रिकेटवर गप्पा मारायला पाच दिवस कशाला घालवायचे?

तिसरा_गियर
'आपणच चालवू' यातले 'आपण' कोण? मी असे बरेच ग्रुप पाहिलेत. निघताना चौघे म्हणतात, 'मी पण घेईन रे मधे मधे'. पहिल्या घाटात कळतं की एकाला रात्री दिसत नाही, दुसऱ्याने फक्त ऑटोमॅटिक चालवलीय आणि तिसरा जेवून झोपलाय. उरतो तो ज्याची गाडी आहे तो. आरे-वारेच्या वळणावर पाच जण समुद्र बघतात आणि हा समोरची एस.टी. बघतो.

संध्याकाळी पुन्हा तेच. बाकीचे सुरमईबरोबर बसणार आणि हा लिंबू सरबत घेऊन. बसायलाच हवं त्याला. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. घरी आल्यावर हिशोब काय होतो? तेलाला भागिले सहा. टायर, क्लच, सर्व्हिसिंग हे शब्दसुद्धा निघत नाहीत. ई-चलन येतं तेही त्याच्याच नावावर, महिन्याभराने, सगळे पांगल्यावर.

आणि गाडी कोणाची आहे ते सोयीस्करपणे लिहायचं राहिलंय.

वाकडीवाट
माझी नाही.

तिसरा_गियर
बघा! मला वाटलंच होतं.

वाकडीवाट
म्हणून माझा मुद्दा खोटा ठरत नाही. गाडी ज्याची आहे त्यालाच ड्रायव्हर नकोय, हेही लिहायला हवं. त्याला चालवायला आवडतं. आणि तिघांना खरोखर येते, त्यातला एक मी. दर दोन तासांनी बदलायचं असं ठरलंय.

मीठभाकर
आम्ही पाच मैत्रिणी मालवणला ड्रायव्हर घेऊन गेलो होतो, म्हणून दोन शब्द. परक्यासमोर बोलता येत नाही ही भीती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच टिकते. नंतर आपण विसरतोच की तो तिथे आहे. सासूपासून संधिवातापर्यंत सगळं बोलून झालं आमचं. मला नंतर खटकलं ते वेगळंच. आपण त्याला विसरलो म्हणजे काय, तर तो माणूस आपल्याला सीटचा भाग वाटायला लागला.

त्यात त्याच्या झोपण्याचा प्रश्न. आम्ही उतरलो तिथे 'ड्रायव्हर गाडीत झोपतात' असं सहज सांगितलं गेलं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, काचा खाली करून, डास खात! आम्ही हटून बसलो तेव्हा एक खोली निघाली. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, त्यातही दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. पण टुरिस्ट गाडीवाल्याला सकाळी सहाला सूर्योदय दाखवायचा आणि रात्री अकराला जेवायला न्यायचं, हे सगळे सर्रास करतात. ड्रायव्हर घ्यायचा असेल तर त्याची खोली आधी बुक करा. तेवढं जमत नसेल तर स्वतः चालवा, निदान आपले हाल आपणच करून घेतले असं होईल.

निवांत_नाना
एक सोपा उपाय आहे. कोकण रेल्वेने रत्नागिरीपर्यंत या, तिथे गाडी घ्या. मधल्या खाड्यांचा व्याप वाचतो.

वाकडीवाट
नाना, खाड्यांसाठीच तर चाललोय.

खाडीपल्याड
मी गुहागरकडचा. दोन्ही बाजू शहरातल्या रस्त्याच्या हिशोबाने बोलताहेत, म्हणून लिहितो.

आमच्याकडचा सागरी मार्ग नकाशावर सलग दिसतो. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून त्याच्या गोष्टी ऐकतोय, पण बाणकोटच्या खाडीवरचा पूल वर्षानुवर्षं रखडला ही त्याची हकिकत. बऱ्याच गावांतून रस्ता एका गाडीपुरता. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, माडाच्या वाड्या आणि वळणावर समोरून एस.टी. कोणीतरी मागे घ्यायचीच असते आणि एस.टी. घेत नाही. इथे सवयीचा हात लागतो. पण पुण्याहून आणलेल्या पगारी ड्रायव्हरला ती सवय असेलच असं कोणी सांगितलं? त्याचा जन्म द्रुतगती मार्गावर गेलेला असतो. ड्रायव्हर म्हणजे खात्री, हा गैरसमज आहे.

दुसरं, तुम्ही सहा आणि ड्रायव्हर म्हणजे सात. सात सीटच्या गाडीत सात माणसं बसली की मागची रांग उघडी आणि डिकी गायब. पाच दिवसांच्या बॅगा कुठे ठेवणार? मग टपावर कॅरिअर, नाहीतर सरळ टेम्पो ट्रॅव्हलर. आणि ट्रॅव्हलर घेऊन या गल्ल्यांतून जायचं असेल तर तुम्हाला माझा नमस्कार. सहा असाल तर मागची अर्धी सीट पाडून बॅगा बसतात. हे गणित तुमच्या त्या दोन मित्रांना दाखवा, वाद मिटेल.

तिसरा_गियर
बॅगांचा मुद्दा मान्य. मग दोन गाड्या न्या. तीन-तीन माणसं, सामान आरामात.

मीठभाकर
नको हो. एका गाडीत हशा पिकतो आणि दुसरी गाडी फोन करून विचारते, काय झालं? सांगेपर्यंत विनोद शिळा झालेला असतो. शिवाय दोन गाड्या म्हणजे एका वेळी एकाच्या ऐवजी दोघे जण स्टेअरिंगला जुंपायचे.

निवांत_नाना
खरं कारण कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितो. ड्रायव्हर हवा असतो तो संध्याकाळसाठी, दिवसा कोणाचंच अडत नाही. आणि परतताना डिकीत गोव्याच्या बाटल्या ठेवून यायचा विचार असेल तर आधी नियम बघा. गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी उघडली की कोणाची गाडी, कोणाची बाटली यावरून तुमचा पुढचा धागा निघेल.

वाकडीवाट
नाना, हे मात्र अगदी वर्मावर. आज ग्रुपवर टाकलंय: गाडी मित्राचीच, ड्रायव्हर नाही. ज्याची गाडी त्याला तेलाचा वाटा माफ, शिवाय परत आल्यावर सर्व्हिसिंगचं बिल सहा जणांत. चलन आलं तर त्या वेळी जो चालवत होता त्याचं. सकाळी पहिली पाळी ज्याची, त्याने आदल्या रात्री घ्यायची नाही. शेवटच्या कलमावर अजून चर्चा चालू आहे. आधी ड्रायव्हर मागणारे दोघे त्यात सगळ्यांत पुढे आहेत.

तिसरा_गियर
म्हणजे ड्रायव्हर मिळालाच तुम्हाला, रोज वेगळा आणि फुकट. माझं मत बदललेलं नाही. आता तरी ज्याची गाडी आहे त्याला इथे येऊन लिहू द्या.

वाकडीवाट
तो इथे येत नाही. त्याने फक्त 'ठीक आहे' असं पाठवलंय.

तिसरा_गियर
'ठीक आहे' म्हणजे ठीक नाही. फोन करा त्याला.

खाडीपल्याड
फोन झाला की तारीख कळवा. शनिवार-रविवार धरून धोपाव्याला येऊ नका, जेट्टीवर गाड्यांची रांग लागते. आणि शेवटच्या बोटीच्या भरवशावर दापोलीत जेवत बसू नका. ती चुकली तर खेड-चिपळूण असा वळसा घालून गुहागरला यावं लागतं, तेही अंधारात.